मुलाचा आजचा दिवस



बुलढाणा जिल्ह्यात, तेही जानेवारी महिन्यात, लहान मुलांविषयी बोलायचे तर सुरुवात सिंदखेडराजापासून करावी लागते. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस म्हणून तिथे दरवर्षी लाखोंची गर्दी लोटते. लखुजी जाधवांच्या वाड्यातला रंगमहाल पाहायला जाणाऱ्याला गावकरी एक गोष्ट हमखास सांगतात. रंगपंचमीचा दिवस होता, दरबार भरला होता आणि मालोजीराजे भोसले मुलाला घेऊन आले होते. छोटी जिजा आणि छोटा शहाजी एकमेकांवर रंग उडवू लागले. ते पाहून लखुजी कौतुकाने, जोडा छान दिसतो असे काहीसे बोलून गेले. मालोजी तिथल्या तिथे उठले आणि जाधवराव आजपासून आमचे व्याही झाले, असे त्यांनी भरल्या दरबाराला साक्षी ठेवून सांगितले. पुढे नकार, रुसवेफुगवे, दरबारी डावपेच आणि अखेर लग्न. गोष्ट बखरींतली आहे. अभ्यासक ती जशीच्या तशी खरी मानत नाहीत आणि मीही तिच्यावर इतिहास म्हणून भार टाकणार नाही. पण एखादी गोष्ट शतकानुशतके लोकांच्या तोंडी टिकते, तेव्हा ती सांगणाऱ्यांच्या मनाचाही ठाव देते. दोन मुले रंग खेळत होती. कोण जास्त भिजले, कोण आधी रडले, खेळ कोणी थांबवला, याची या गोष्टीत कोणालाच उत्सुकता नाही. मोठ्यांची नजर पडली आणि त्या खेळाची सोयरीक झाली.

माझे आजचे म्हणणे या नजरेविषयी आहे. लहान मुलासोबतचे आनंदाचे क्षण आपल्या हातून निसटतात, ते माया कमी म्हणून निसटत नाहीत. मायेची या मुलखात वाण नाही. ते निसटतात कारण मुलाकडे पाहताना आपल्याला त्याचा उद्या दिसतो आणि आजचा दिवस त्या उद्याकडे गहाण पडतो. याच नजरेमुळे त्या क्षणांना लागणारा वेळ कोणी कोणाला द्यायचा, हा प्रश्न आपण घराच्या चार भिंतींत ढकलून दिला आहे. हे दोन्ही धागे एकच आहेत, असे मला दाखवायचे आहे.

जिजाऊंचीच आठवण आपण कशी ठेवली ते पाहा. त्यांनी शिवाजी घडवला, हे वाक्य आपल्याकडे इतके सर्वमान्य आहे की त्याबाहेर त्यांचे आणि त्या मुलाचे काही नाते असेल, असा विचारही येत नाही. गोष्टी सांगितल्या त्या स्वराज्यासाठी, शिकवले ते राज्यकारभारासाठी. मराठीतले आई-मुलाचे सर्वांत लाडके पुस्तक, साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, १९३५ साली आले, तेही आपण संस्कारांचा ग्रंथ म्हणून मुलांच्या हाती देतो. त्यातला पदराचा प्रसंग आठवा. आंघोळ झालेल्या मुलाचे पाय मळू नयेत म्हणून आई पदर पसरते आणि मग मनही असेच स्वच्छ ठेवायला सांगते. आपण शिकवण पाठ करतो. पण त्या प्रसंगात पदर आधी आला आणि उपदेश मागून. आईने मुलाचा हट्ट, तोही अगदी निरर्थक हट्ट, पुरवला. ओल्या पदरावर पाय ठेवताना त्या मुलाला झालेला आनंद बाजूला काढला तर उरलेला उपदेश कोणाच्या लक्षात राहिला असता? साने गुरुजींना हे नेमके कळत होते, म्हणून त्यांनी पदर लिहिला. आपण वाचक मात्र पदरावरून चालत थेट तात्पर्यापर्यंत जातो.

मुलाला उद्याच्या हिशेबात धरण्याची ही सवय निरुपद्रवी नाही. हिशेब म्हटला की जमा आली आणि खर्चही आला. म्हातारपणी कोण सांभाळणार, हुंड्याला किती लागणार, शेत कोणाच्या नावे होणार, ही सगळी गणिते पाळणा हलण्याआधीच सुरू होतात. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४चा आहे. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती, ती २०११च्या जनगणनेत ८९४ झाली. जिजाऊंच्या जिल्ह्यात ती राज्याच्याही मागे, नऊशेच्या खाली होती. कारणे अनेक आहेत आणि ती इथे पुष्कळदा चर्चिली गेली आहेत. मला त्यांतले एकच पुढे ठेवायचे आहे. जन्माला न आलेल्या मुलीविषयी आपण पुढचा सगळा विचार करतो. ती दीड वर्षाची असताना भाकरीच्या पिठात हात घालून कशी हसेल, हे त्या विचारात कुठेच बसत नाही, कारण त्याला किंमत लावता येत नाही. ज्याला किंमत नाही ते ताळेबंदात शून्य धरले जाते.

पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी शंभर वर्षांपूर्वी मुलाच्या मूलभूत हक्कांत एक विलक्षण हक्क सांगितला होता : मुलाचा आजच्या दिवसावरचा हक्क. मूल म्हणजे होऊ घातलेला माणूस, अशा समजुतीविरुद्ध त्यांचे सगळे आयुष्य गेले. मूल आत्ताच माणूस आहे, असे ते मानत. हे तत्त्वज्ञान सुखवस्तू दिवाणखान्यातले नव्हते. नाझींच्या ताब्यातल्या वॉर्सा शहरात, ज्यू वस्तीच्या भिंतींआड, ते अनाथ मुलांचे घर चालवत होते. जुलै १९४२मध्ये त्या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक बसवून सादर केले. पुढच्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात ती मुले, त्यांच्यासोबत स्वतःहून गेलेले कोर्चाक आणि त्यांचे सहकारी ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले गेले. मी हे मन हेलावावे म्हणून सांगत नाही. बालपणाचे सारे मोल भविष्यात असेल, तर त्या तालमी, ते पाठांतर, ती वेशभूषा हा सगळा उद्योग वाया गेला असे म्हणावे लागेल. तसे म्हणायला कोणाचीही जीभ धजावणार नाही. म्हणजेच आनंदाला भविष्याबाहेरही मोल असते, हे आपल्याला आतून ठाऊक आहे. फक्त ज्यांच्यापुढे भविष्य आहे अशा मुलांच्या बाबतीत आपण ते विसरतो.

यावरचा पहिला आक्षेप घरोघरी ऐकू येतो : त्याला काय आठवणार आहे! दोन वर्षांच्या पोराला लोणारचे सरोवर दाखवले काय आणि घरामागचा खड्डा दाखवला काय, मोठेपणी दोन्ही सारखेच. या आक्षेपात वस्तुस्थिती आहे. साधारण तिसऱ्या-साडेतिसऱ्या वर्षाआधीच्या प्रसंगांची जाणती आठवण बहुतेकांना राहत नाही, हे मानसशास्त्राने पुरेसे दाखवले आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष तपासून पाहावा. जे आठवणार नाही त्याला मोल नाही, हा नियम खरा असेल तर स्मृती हरवलेल्या म्हाताऱ्या आईजवळ बसण्यालाही अर्थ उरत नाही, कारण मुलगा येऊन गेला हे ती संध्याकाळपर्यंत विसरणार असते. तिथे आपण हा नियम लावत नाही. शिवाय आठवणीची अट घालणे म्हणजे पुन्हा आजच्या क्षणाला उद्याचा नोकर करणे. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान ठिकठिकाणी बोरन्हाण होते. ज्याच्या डोक्यावर बोरे, मुरमुरे, रेवड्या ओततात ते मूल आधी भांबावते, मग हसते किंवा भोकाड पसरते, आणि आळीतली पोरे खाऊ लुटण्यासाठी तुटून पडतात. यातले त्या तान्ह्याला काहीही आठवणार नाही, हे तो विधी ठरवणाऱ्या बायकांना ठाऊक नव्हते काय? मोठ्यांनी मुलासाठी केलेल्या समारंभांपैकी हा मला सर्वांत शहाणा वाटतो, कारण त्यात मुलाकडून कसलीच अपेक्षा नाही. अलीकडे त्यातही फोटोसाठी हलव्याचे दागिने घालून मुलाला अर्धा तास ताटकळत ठेवतात. ही नवी खोड, तिच्यावर याहून जास्त वेळ घालवत नाही.

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखे खेळायचे आणि मग दोनेक मिनिटे त्याच्याकडे पाहत असतानाच चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ काय करते? आधी हसून पाहते, हातवारे करते, आवाज काढते. आईला परत खेळात ओढण्याचे जेवढे उपाय त्याच्यापाशी असतात तेवढे सगळे ते करून बघते. काहीच चालले नाही की मान वळवते, केविलवाणे होते. या प्रयोगाचा अर्थ बहुधा आईच्या जबाबदारीच्या अंगाने लावतात. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बोलताही न येणारे मूल आनंदाची सुरुवात स्वतः करते. आपण त्याला आनंद देतो, हे अर्धेच खरे. ते आपल्याला खेळात बोलावत असते आणि आपण गेलो नाही तर त्याला कळते. हातातल्या पडद्याकडे पाहणारा चेहरा आणि ट्रॉनिकच्या प्रयोगातला चेहरा यांत बाळाला फारसा फरक दिसत नसावा.

दुसरा पुरावा जमैकाचा. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिने वयाची, कुपोषणाने उंची खुंटलेली १२९ मुले निवडली. काहींना दूध-पोषण दिले, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाऊन आई-मुलाला घरच्याच वस्तूंच्या खेळण्यांनी खेळायला लावत, काहींना दोन्ही मिळाले, काहींना यातले काही नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी त्यांतल्या बहुतेकांना शोधून काढले, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोहोचला होता त्यांची कमाई न पोहोचलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या दूध-पोषणाचा असा दीर्घकालीन परिणाम कमाईत दिसला नाही. महाराष्ट्रात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची खुंटलेली आहे. तेव्हा हा अभ्यास आपल्या दाराशी आलेला आहे. पण व्यासपीठावरून तो सांगताना माझी जरा अडचण होते. तो वापरला की मी पुन्हा मालोजींच्या रांगेत जाऊन बसतो. खेळा, कारण पुढे पगार वाढेल. उद्या दुसऱ्या कोणी सिद्ध केले की खेळामुळे कमाईत काडीचाही फरक पडत नाही, तर आपण मुलांशी खेळणे थांबवणार आहोत का? म्हणून जमैकाच्या पुराव्याचा मी एवढाच उपयोग करतो. वेळ वाया जातो, असे म्हणणाऱ्याला त्याच्याच नाण्यात उत्तर देता येते. त्या नाण्यावर माझा पक्ष उभा नाही.

जमैकाच्या उदाहरणाने आणखी एक आक्षेप समोर येतो, आणि या जिल्ह्यात तो सर्वांत जड आहे : हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राला विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर करावी लागली, त्यांत बुलढाणा होता. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर आणि सावकाराच्या तारखेवर ज्यांचे वर्ष चालते, त्यांना मुलांसोबतचे क्षण जपा असे सांगणे निर्दयपणाचे नाही काय? सांगणारा नुसताच सांगून निघून जाणार असेल तर आहेच. पण आक्षेपातले गृहीतक चुकीचे आहे. गरिबांना मुलांचा आनंद सुचत नाही, असे त्यात मानलेले असते. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतला फार मोठा भाग लेकरांविषयीचा आहे. लेकराचे रांगणे, त्याचा हट्ट, त्याला लागलेली दृष्ट. ज्यांना भल्या पहाटे उठून शेरभर दळल्याशिवाय दिवस सुरू करता येत नव्हता, त्यांनी हे रचले. युरोपात फिलिप आरिएस या इतिहासकाराने १९६० साली असा सिद्धान्त मांडला होता की बालपण ही कल्पनाच अर्वाचीन आहे. पुढे काहींनी त्यात भर घातली की मुले पटापट दगावत त्या काळी आईबाप त्यांच्यात जीव गुंतवत नसत. तिथल्याच अभ्यासकांनी जुन्या रोजनिशा तपासून या मताला आव्हान दिले. आपल्याकडे ते तपासायला रोजनिशांची गरज नव्हती, जाते पुरेसे होते.

मात्र जात्याचे गोडवे गाऊन थांबता येत नाही. दळताना मूल मांडीवर असायचे आणि दळण्याचा वेग बाईच्या हातात असायचा. गिरणी आली, कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. वाचलेला वेळ मात्र मजुरीत गेला आणि मजुरीचा वेग बाईच्या हातात नाही. कापसाची वेचणी किलोवर असते, सोयाबीनची सोंगणी बहुधा उक्ती, एकरावर. रोजंदारीत मुकादमाची नजर चुकवून झोळीतल्या पोराकडे दोन वेळा जाऊन येता येते. किलोवरच्या कामात बाईला कोणी अडवत नाही, पण झोळीजवळ घालवलेली दहा मिनिटे संध्याकाळी काट्यावर कमी भरतात. धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीतून पोर हाक मारते तेव्हा आईपुढे माया आणि मजुरी अशी निवड उभी राहते, आणि ही निवड तिने स्वतः उभी केलेली नसते. कामाचा मोबदला मोजायची एक पद्धत आपण स्वीकारली आणि तिने मुलासोबतच्या मिनिटाला दर लावला. याला बाईची बेपर्वाई म्हणणे अन्यायाचे आणि नशीब म्हणणे आळसाचे.

इथे शहरी, शिकलेल्या आयांचा आक्षेप ऐकला पाहिजे, कारण तो प्रामाणिक आहे. त्या म्हणतात, मुलासोबतचा प्रत्येक क्षण आनंदाचा असतो हे पुरुषांनी आणि जाहिरातींनी पसरवलेले खोटे आहे. मुले सांभाळणे कंटाळवाणे, थकवणारे काम आहे. डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तपशीलवार हिशेब घेतला होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, कोणत्या कामात किती आनंद वाटला या यादीत मुले सांभाळणे टीव्ही पाहणे आणि स्वयंपाक यांच्याही खाली होते. मला हा निष्कर्ष पटतो. दुसऱ्या कामाची घाई, एकटीवर पडलेला भार आणि घड्याळ यांच्यात सापडलेल्या बाईला मुलाचे जेवण भरवणे हे आणखी एक कामच वाटणार. ज्या बुलढाण्यातून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून सगळे दोष बाईच्या माथी मारण्याची रीत चव्हाट्यावर मांडली, त्या गावाच्या जिल्ह्यात तरी आईला आणखी एक उपदेश करताना जीभ आवरावी. क्षण जपा, ही आज्ञा झाली की तिचा पहिला बळी आई असते.

प्रश्न बापाला विचारायचा आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रियांनी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे दिली, पुरुषांनी ७६. ही सरासरी ज्यांनी असे काम केले त्यांच्यापुरतीच आहे. असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या जवळपास निम्मेच होते. घरकामातली तफावत याहून मोठी, स्त्रियांची २९९ मिनिटे तर पुरुषांची ९७. आकड्यांवरून पुरुषांना कामचुकार ठरवायचे नाही. त्यांतले कित्येक बाराही महिने राबतात, कित्येक कामासाठी पुण्या-सुरतेकडे गेलेले असतात. पण बापाने मुलाला खांद्यावर घेतले की गावात त्याचे कौतुक होते आणि आईने घेतले की कोणी वळूनही पाहत नाही, यातच सारे आले. बापाने आपल्या वाटणीचा कंटाळा उचलला की आईच्या वाटणीला थोडा आनंद उरतो. कंटाळ्याची वाटणी झाल्याशिवाय आनंदाची वाटणी होत नाही.

लाडाने मूल बिघडते, या आक्षेपाला मी थोडक्यात उत्तर देतो. चाणक्याच्या नावावरचे एक सुभाषित या बाजूने नेहमी पुढे केले जाते, कारण त्यात दहा वर्षे शिस्तीची सांगितली आहेत. त्याच सुभाषितात त्याआधीची पाच वर्षे निव्वळ लाडाची आहेत, ती मात्र गाळली जातात. मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी बाल्टिमोरमध्ये २६ आया आणि त्यांची बाळे वर्षभर पाहिली. ज्या बाळांच्या रडण्याला लगेच प्रतिसाद मिळत गेला ती वर्षाअखेर कमी रडत होती. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे वाद झाले, म्हणून तो शेवटचा शब्द मानू नये. पण उचलून घेतल्याने मूल रडके होते, याला तर तेवढाही पुरावा नाही. मागेल ती वस्तू देणे आणि बोलावेल तेव्हा सोबत जाणे यांत फरक आहे. सोबत द्यायला वेळ नसतो तेव्हाच आपण वस्तू देतो.

सगळे फिरून वेळेपाशी येते. वेळ ही घरातली खासगी बाब आहे, त्यात गावाने किंवा सरकारने काय करायचे, असे आपल्याला वाटते. हा समज महाराष्ट्राने एकदा मोडला आहे. अमरावतीत संसार केलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. पुढे १९४५पासून त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि नंतर कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी पाड्यांवर काम केले. मुले बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. ती मुले मागास आहेत म्हणून येत नाहीत, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचा दिवस कसा जातो ते पाहिले आणि आपली व्यवस्था त्या दिवसाला जुळवून घेतली. १९७५ साली केंद्राने सुरू केलेल्या योजनेने अंगणवाडी हे नाव घेतले, पण ही जुळवाजुळव अर्धीच घेतली. तीन ते सहा वर्षांची मुले काही तास अंगणवाडीत बसतात. तीन वर्षांखालच्यांसाठी घरी न्यायची खाऊची पाकिटे असतात. म्हणजे ज्या वयात मुलाला माणूस लागतो त्या वयात आपण पाकीट देतो.

कागदावर याहून बरे होते. १९७२च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीच्या कामांवर लहान मुलांसाठी सावली आणि सांभाळणारी बाई असावी, हे महाराष्ट्राला केव्हाच सुचले होते. २००५च्या केंद्रीय कायद्याने तर नियम घातला की कामावर आलेल्या स्त्रियांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर त्यांतल्याच एकीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि तेवढीच मजुरी द्यावी. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७पासूनच्या योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार आणि तेही हप्त्यांनी मिळू लागले. बाकीचे हजार दुसऱ्या योजनेतून भरतात, असे सांगितले जाते. संघटित क्षेत्रातल्या बाईला त्याच वर्षी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. कापूस वेचणाऱ्या बाईचे बाळंतपण त्याच शरीराने होते, हे सांगायला व्याख्यान लागू नये.

खासगी शेतावर मात्र यांतला पाळणाघराचा एकही नियम पोहोचत नाही. शेतमालकही तीन-चार एकरांचा धनी, त्याच्याकडून कोणी पाळणाघराची अपेक्षा करणार नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ साली ‘कूसिन मने’ या नावाने ग्रामपंचायतींच्या पातळीवर पाळणाघरे उघडायला घेतली. पाळणाघर म्हणजे मुलाला आईपासून तोडणे, असा एक आक्षेप असतो. आज ते पोर धुऱ्यावर, उन्हात, सहा वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात असते आणि त्यापायी त्या बहिणीचीही शाळा बुडते. त्यापेक्षा गावातल्या दोन अनुभवी आजी-मावशांच्या मांडीवर ते जास्त हसेल, आणि आईही जेव्हा भेटेल तेव्हा डोक्यावरची काळजी उतरवून भेटेल. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न रास्त आहे, पण त्याला उत्तर आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे, असा दंडकच आहे. त्यातून बऱ्याच ठिकाणी खुर्च्या, सतरंज्या आणि टेबले येतात. वेचणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे चार महिने. तेवढ्यापुरती दोन बायांची मजुरी, एक पत्र्याची शेड आणि पाण्याचा माठ, एवढाच तो खर्च. शेड मात्र पंचायतीच्या कचेरीशेजारी नको. ती शेतांकडे जाणाऱ्या वाटेवर हवी, म्हणजे दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत आईला तिथे चालत येता येईल.